मेजाचं कापड उन्हात

हळद शिजायला लागली, की आमच्या गावातली पापं वर येतात.

खोटं वाटेल. पण मी सांगतो त्यातलं अर्धं तरी नेहमी खरं असतं, आणि उरलेलं अर्धं खरं असायला हवं होतं इतकं चांगलं असतं. यंदा ईस्टरच्या आधी साताऱ्याहून निघालो, पेठ नाक्याला हमरस्ता सोडून सांगलीच्या वाटेला लागलो, आणि आष्टा अजून लांब होतं तोच गाडीच्या बंद काचेतून तो वास आत शिरला. उकडलेल्या हळदीचा वास. थोडा आल्यासारखा, थोडा ओल्या मातीसारखा, थोडा लग्नघरासारखा. वाफ दिसायच्या आधी वास येतो, आणि वासाच्या मागोमाग मला मार्थाआत्याचा आवाज येतो.

त्या दिवसांत आमचं गाव पिवळं असतं. नुसती खळी आणि अंगणं नव्हे. रस्ता पिवळा, सायकलींच्या मुठी पिवळ्या, चहाच्या कपाचे कान पिवळे. कुत्री लग्नातल्या नवरीसारखी पिवळी होऊन चौकात पडलेली असतात. एका वर्षी एक पांढरा बगळा चुकून खळ्यावर उतरला आणि उडाला तेव्हा त्याच्या थव्यानं त्याला ओळखलं नाही, असं मी साताऱ्यात अनेकांना सांगितलेलं आहे आणि आजवर कुणी खोडून काढलेलं नाही.

आणि नेमके तेच आमचे उपवासाचे दिवस. ईस्टरच्या आधीचा तो लांबलचक काळ, ज्यात आमच्या मंडळीनं, म्हणजे गावातल्या आम्हा ख्रिस्ती लोकांनी, मान खाली घालून पश्चात्ताप करायचा असतो. देवाचा हिशेब कसा बघा: ज्या दिवसांत पाळकसाहेब दर रविवारी सांगतात की हात स्वच्छ करा, त्याच दिवसांत गावात एकाचाही हात स्वच्छ नसतो. टाळ्या वाजवल्या तरी पिवळा धुरळा उडतो. पाळकसाहेबांनी आशीर्वादाला हात वर केले तर तेसुद्धा पिवळे, कारण पाळकीणबाईंच्या माहेरची हळद अंगणात पसरलेली.

पश्चात्तापाला आमच्याकडं तोटा कधीच नव्हता. उलट जरा जास्तच. दावीदकाका हे आमच्या मंडळीतले वडील, म्हणजे देवळाचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक. फौजेतून सुभेदार होऊन आलेले. उपवासकाळात ते साक्ष द्यायला उभे राहिले, की बाया घरून उशा घेऊन येत. तारुण्यात आपण किती वाईट होतो हे ते सांगत, आणि दर वर्षी ते थोडे आणखी वाईट झालेले असत. पहिल्या वर्षी त्यांनी फौजेत एक बाटली रम प्यायली होती. पुढच्या वर्षी पेटी. मी शेवटचं ऐकलं तेव्हा त्यांच्या एकट्याच्या पिण्यामुळं अख्ख्या पलटणीला थंडी कोरड्या घशानं काढावी लागली होती आणि सीमेपलीकडच्यांनासुद्धा त्याची कुणकुण लागली होती. सांगताना त्यांच्या डोळ्यांतून खरं पाणी यायचं. आमच्याही यायचं. मग सगळे उठून चहा प्यायचे आणि फार हलकं वाटायचं.

आता मी स्वतः वाढवून सांगणारा माणूस, त्यामुळं मला ही कला कळते. जुनं पाप सांगायला सोपं असतं. त्याच्यावर केस पिकलेले असतात, त्याला दात उरलेले नसतात. ते सांगितल्यानं आज कुणाच्या दारात जावं लागत नाही. कठीण असतं ते परवाचं, हाताएवढं, ओलं.

तर मार्थाआत्या.

माझ्या वडिलांची थोरली बहीण. आयुष्यभर दवाखान्यात नोकरी करून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली आणि मग गावी परतून आमच्या मंडळीची मेट्रन झालेली. उंची बेताची, आवाज बेताबाहेरचा. तिनं महिला मंडळात "पश्चात्ताप करा!" म्हटलं, की आष्ट्याच्या बाजारात वजनाचे काटे आपोआप बरोबर व्हायचे. लग्न केलं नाही, म्हणायची, "सगळा जन्म माणसांच्या चादरी बदलल्या, आता एकट्याची कशाला बदलू?" तिचा देव स्वच्छ होता आणि इस्त्रीचा होता.

आणि तिच्या ताब्यात होतं मेजाचं कापड. आमच्या देवळात पुढं एक लाकडी मेज आहे, त्यावर प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस मांडतात. ईस्टरच्या दिवशी त्यावर जे पांढरं कापड अंथरायचं, ते माझ्या आजीनं स्वतः विणलेल्या लेसचं. आत्या ते ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत ठेवायची, नीळ देऊन स्वतः धुवायची, स्वतः अंथरायची. दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची नाही. पांढऱ्यापेक्षा पांढरं असं काही या जगात असेल, तर ते कापड होतं. त्याच्याकडं बघून बगळे लाजायचे. मघाचा तो बगळा सोडून.

काही वर्षांपूर्वीच्या त्या उपवासकाळात त्या कापडाला डाग पडला. कुणामुळं ते आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही सारखे अंदाज करत बसाल: आत्यामुळंच. गच्चीवर तिची हळद वाळत होती. मजूर बायांनी ती नीट हलवली का, हे बघायला ती दुपारी वर गेली, चार हळकुंडं मोडून बघितली, खाली आली, आणि हात पदराला पुसून ईस्टरसाठी धुतलेल्या कापडाची घडी घालायला घेतली. जन्मभर पोरींना कोपरापर्यंत हात धुवायला शिकवलेली बाई एकदा हात धुवायची विसरली. कापडाच्या मधोमध तीन बोटं उमटली.

आता आमच्याकडच्या पाळण्यातल्या बाळालाही ठाऊक असतं, की हळदीच्या डागाला साबण लावायचा नसतो. साबण किंवा सोडा लागला, की पिवळा डाग लालभडक होतो. हळदीवर उपाय एकच, ऊन. ओलं करून उन्हात टाकायचं आणि गप्प बसायचं. डाग आपला आपण विरतो. आत्यालाही हे माहीत होतं. पण ऊन कुठं असतं? बाहेर. दोरीवर. गल्लीच्या तोंडाला. तिथं मेजाचं कापड दिसलं असतं, डाग दिसला असता, आणि "मार्थाबाई, ह्ये काय?" असं कुणीतरी विचारलं असतं.

म्हणून आत्या कापड घेऊन न्हाणीत गेली, कडी लावली, आणि धुण्याचा सोडा टाकून चोळत बसली. जितकं चोळलं, तितकं लाल झालं.

त्याच दिवसांत दुसऱ्या एका घरी वेगळाच पश्चात्ताप चालला होता, ज्याची साक्ष कुणी देवळात दिली नव्हती. सुशीला ही देवळाची झाडलोट करणारी. हळदीच्या दिवसांत खळ्यावर मजुरीला जायची. अंगानं काटकुळी, जिभेनं नाही. तिचं आणि तिच्या जावेचं सामाईक नळावरून असं वाजलं होतं, की दोघी एका भिंतीच्या दोन बाजूंना राहून एकमेकींशी बोलत नव्हत्या. मनात राग ठेवून मेजाजवळ जाऊ नये ही आमच्याकडची शिकवण. बाकीचे सगळे राग खिशात घालून बिनधास्त जातात. सुशीला खरंच जात नसे. वर्षानुवर्षं भाकर पुढं आली, की ती मागच्या बाकावर पदर ओढून बसून राहायची.

त्या उपवासकाळात ती एका सकाळी उठली आणि न बोलता जावेच्या अंगणात जाऊन तिची हळद मोडायला, म्हणजे कंद सुटे करायला, बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. जावेनं आधी दार लावून घेतलं, मग नुसतं लोटलं, मग उघडं ठेवलं, आणि एका दिवशी आतून चहाचा कप बाहेर आला. कप ठेवताना जाऊ म्हणाली म्हणे, "साकर कमी हाय, माज्यासारकीच." सुशीला म्हणाली, "लय हाय." झालं. एवढाच समेट. त्यावर गीत झालं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण त्या ईस्टरला सुशीला मेजाजवळ येणार हे सगळ्यांना कळलं होतं, आणि खुद्द सुशीलानं त्यासाठी पांढरी साडी धुऊन ठेवली होती.

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या दिवशी तयारीसाठी आम्ही देवळात जमलो. येशूच्या दुःखसहनाचा तो आठवडा गावी काढायचा म्हणून मी रजा टाकून आलो होतो. खिडक्यांतून कडुलिंबाचा मोहोर आत येत होता. आत्यानं आदल्या दिवशी मेजावर आणून ठेवलेलं कापड उलगडलं, आणि मधोमध तो डाग. लाल. बायांच्या तोंडून "अगं बाई" निघालं. आत्याची मान ताठ होती, पण डोळे लेसवर.

"हळदीच्या हातानं कुणी मेज पुसलं, ते कळतंय," ती म्हणाली. "सुशीला, तुला किती वेळा सांगितलं, हात धुऊन येत जा."

सुशीला खराटा घेऊन दारात होती. तिनं आधी मागं वळून बघितलं, दुसरी कुणी सुशीला आहे का म्हणून.

"आवं बाई, मी बाकडी पुसती, मेज पुसती. कापड तुमी घालता, तुमीच काडता. मी कवा शिवले त्येला?"

"मग काय आपोआप झालं?"

"त्ये मला न्हाई ठावं. पन हळदीचा डाग म्हन्ता, तर लाल कशानं झाला, ह्ये इचारा की कुनाला तरी."

प्रश्न सोपा होता. उत्तर प्रत्येकाच्या न्हाणीत डब्यात भरलेलं होतं. पण आत्याला विचारायचं कुणी? ज्या बाईनं निम्म्या गावाला इंजेक्शनं दिली, तिच्यापुढं जरा मागं सरकूनच उभं राहायची गावाची सवय.

सुशीलानं वाट बघितली. मग खराटा दारामागं उभा केला.

"ऱ्हाऊ दे. आळ घिऊन मी मेजाला येत न्हाई. ज्येनं क्येलं त्यो हुबा ऱ्हाईल, तवा बगू."

आणि ती गेली. पांढऱ्या साडीचं तिनं काय केलं, देव जाणे.

आता इथं मंडळीनं जे केलं, ते फक्त आमचीच मंडळी करू शकते. आत्याला प्रश्न विचारण्यापेक्षा चमत्कार मानणं सोपं, असं सगळ्यांनी एकमतानं, एक शब्द न बोलता ठरवलं. सुरुवात अर्थातच दावीदकाकांनी केली. रविवारी उपासना संपल्यावर ते मेजापुढं सावधानमध्ये उभे राहिले.

"आरं, ह्यो डाग हाय व्हय? दुःखसहनाच्या हप्त्यात, मेजाच्या मदोमद, लाल रगात! ह्यो सिग्नल हाय. हायकमांडचा सिग्नल!"

पाळकसाहेब तरुण होते, गावात पहिलंच वर्ष. त्यांनी "आपण घाई नको करूया" असं म्हटलं, पण ते इतक्या हळू म्हटलं, की त्यांनाच ऐकू आलं. फोन निघाले. फोटो निघाले. मंगळवारपर्यंत आष्ट्याहून माणसं आली, बुधवारी मोटारी आल्या, आणि देवळाबाहेर उसाच्या रसाचा गाडा लागला. दावीदकाका रांग लावत होते. डाग तीन बोटांचा होता तो त्यांच्या तोंडी पंजाएवढा झाला, मग तो म्हणे सकाळी फिका आणि दुपारी गडद व्हायला लागला. मी कान देऊन ऐकत होतो. उत्तम काम होतं. मला जमलं नसतं.

आत्या मात्र गप्प होती. तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. बाया येऊन तिच्या हाताला हात लावायच्या, "धन्य ते हात, ज्यांनी हे कापड राखलं," म्हणायच्या, आणि ती हात मागं घ्यायची. तिला किती सुंदर वाट मोकळी झाली होती बघा. डाग देवाचा म्हटला, की तिचाही नाही आणि सुशीलाचाही नाही. सगळे सुटले. फक्त सुशीला खळ्यावर होती आणि खराटा दारामागं.

घरी आत्या सारखी हात धुवायची. दवाखान्यातल्यासारखे, कोपरापर्यंत, नखं एकमेकांवर घासून.

"आत्या," मी म्हटलं, "कापड उन्हात घालूया का?"

"लोक काय म्हणतील?" ती म्हणाली. मग बराच वेळ नळ चालू राहिला.

गुरुवारी शिराळ्याकडचे एक म्हातारे आले. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, चाचपडत. डोळे लाल, पाणी वाहणारे.

"डागदरनं आपरेशन सांगितलंय," ते म्हणाले. "पन ह्ये कळलं तवा म्हटलं, आदी हितं जाऊ. आवं, त्ये कापाड माज्या डोळ्यांवरनं येकदा फिरवा."

दावीदकाका गहिवरले. त्यांनी कापडाचा मधला भाग हळूच उचलला आणि म्हाताऱ्यांच्या चेहऱ्याजवळ नेला. म्हाताऱ्यांनी विश्वासानं डोळे उघडे ठेवले होते, जितके उघडता येतील तितके.

"थांबा!"

खिडकीतली कबुतरं उडाली. रसाच्या गाड्यावरचं चाक थांबलं, असं गाडेवाला शपथेवर सांगतो.

"डोळ्याला लावू नका! त्यात धुण्याचा सोडा आहे! डोळा जाईल!"

मार्थाआत्या उभी होती. मेट्रन उभी होती. चौतीस खाटांचा वॉर्ड एका हाकेनं जागा करणारी.

दावीदकाकांचा हात हवेत राहिला. "सोडा? आवं मार्थाबाई, कापडात सोडा कुनी घातला?"

"मी."

मग ते सगळं बाहेर आलं. गच्ची, हळकुंडं, न धुतलेले हात, न्हाणीची कडी. तिनं पाळकसाहेबांच्या घरून लिंबू मागवलं, कापून लाल डागावर पिळलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते रक्त पिवळं पडलं. साधी, घरची, गच्चीवरची हळद. तीन बोटं.

दावीदकाकांनी वाकून डाग बघितला. मग उसासा सोडून म्हणाले, "पान्याचा द्राक्षारस झाल्याला आयकलाय. रक्ताची हळद पयल्यांदाच बगितली."

आत्या म्हाताऱ्यांकडं वळली होती. "आणि तुम्ही ऑपरेशन पुढं ढकललंत? कुणाला विचारून? आत्ताच्या आत्ता जायचं. देव डॉक्टरच्या हातातून काम करतो, सोड्यातून नाही." ते म्हातारे एवढे घाबरले, की मुलाचा खांदा सोडून एकटेच दाराकडं निघाले. डोळ्यांना पुढं उतार पडला, असं मुलानं नंतर कळवलं. डॉक्टरच्या हातानंच.

पाळकसाहेबांचे डोळे भरून आले होते. "बाई, फार मोठं मन लागतं. एवढं पुरे झालं."

"पुरे?" आत्या म्हणाली. "सुशीला इथं आहे का?"

या वाक्यापाशी मी दर वर्षी येऊन थांबतो. कारण माझी आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणांची गाडी इथपर्यंतच येते. गर्दीत उभं राहून, आवाज लावून, चूक कबूल करायला एक प्रकारची चवही असते. लोक तुमच्याकडं बघतात, तुम्ही मोठे दिसता. पण ज्याला लागलं तो त्या गर्दीत नसतो. तो कुठंतरी काम करत असतो, आणि तिथं जायला चप्पल घालावी लागते.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, भर दुपारची उपासना संपली. आमच्या बाया त्या दिवशी पांढरी साडी नेसतात. आत्या तशीच, खळ न मोडलेल्या पांढऱ्या साडीत, कापड छातीशी धरून माझ्या मोटारसायकलवर मागं बसली. खळ्यावर पोहोचलो तर हळद नुकतीच शिजून बाहेर पडत होती. वाफेचा एक मोठा पिवळा ढग, आणि त्यात सुशीला लाकडी दाताळ्यानं गरम हळद पसरत होती. हळदीला उत्तम शुक्रवारची सुट्टी नसते. आत्या ढगात शिरली. साडी बघता बघता नवरीची झाली.

"सुशीला, मी आले."

"दिसतंय की. सरका, भाजंल."

"तो डाग माझा होता."

"म्हायती हाय."

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? मला शनवारीच म्हायती हुतं. समद्यास्नी म्हायती हुतं."

आत्यानं घसा साफ केला. "त्या दिवशी माझं बीपी वाढलं होतं. उपवास होता. चष्माही नवा, त्यामुळं नीट दिसलं नाही, आणि एवढ्या लोकांसमोर मला एकदम काही सुचेना..."

सुशीलानं दाताळं थांबवलं नाही. "बाई, हळद शिजली का न्हाई कशी बगत्यात, तुमास्नी ठावं हाय न्हवं? काडी टोचायची. सरळ ग्येली तर शिजली. मदीच आडली, तर आजून जाळ पायजे." मग तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "तुमची काडी आडतीया."

आसपासच्या बाया हसल्या नाहीत. हसायला हव्या होत्या असं मला वाटलं, म्हणजे आत्याला बरं झालं असतं. आत्या वाफेत उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरनं पाणी ओघळत होतं. वाफेचं की कसलं, हे मी ठरवत बसलो नाही.

"डाग मी लावला," ती म्हणाली. "तुझ्यावर ढकलला. तुझ्यावर ढकलला, कारण तुझं कुणी ऐकणार नाही हे मला माहीत होतं."

दाताळं थांबलं.

सुशीलानं हात पदराला पुसले, ज्याचा काही उपयोग नव्हता.

"कापाड आनलंय न्हवं? उंद्या हितं घाला. वाटंकडंच्या दोरीवर."

"इथं? रस्त्यावर?"

"मग काय, न्हानीत?"

शनिवारी सकाळपासून आत्या खळ्याच्या कडेला, रस्त्यालगत, खुर्ची टाकून बसली. डोक्यावर छत्री, पुढं दोरीवर मेजाचं कापड, मधोमध पिवळी बोटं. शेळ्या हाकलायला काठी. आणि त्या रस्त्यानं सांगली ते सातारा मधलं झाडून सगळं जग गेलं: उसाचे ट्रॅक्टर, द्राक्षांचे टेम्पो, पाचगणीला निघालेली वऱ्हाडं, सुट्टीवर आलेले जवान. निदान मला तरी तसं दिसलं. आणि प्रत्येकानं गाडी हळू करून विचारलं, "आवं बाई, ह्ये काय?"

पहिल्याला आत्यानं जे उत्तर दिलं, त्यात बीपी होतं, चष्मा होता, उपवास होता, उन्हाळा होता आणि माझ्या आजोबांचा स्वभावही होता. पुढच्याला चष्मा गळला. त्यानंतर उपवास गळला. दुपारी एका ट्रॅक्टरवाल्याला ती म्हणाली, "डाग मी पाडला आणि आळ दुसरीवर घातला." तो म्हणाला, "व्हय का? आमच्यात बी हुतंय," आणि गेला. आणि ऊन कलायच्या सुमारास कुणीतरी विचारलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "माझी चूक," आणि काठीनं शेळी हाकलली. आवाज साधा होता. पाणी मागतात तसा.

मी वाढवून सांगणारा माणूस. गोष्ट सांगता सांगता मोठी होते हा माझा जन्माचा अनुभव. सांगता सांगता लहान होत गेलेली गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तेव्हापासून मला वाटतं, पश्चात्ताप असाच मोजावा. रडण्यानं नव्हे. सांगण्यातली कारणं एक एक करून गळत जातात, आणि शेवटी नुसता माणूस उरतो, काठी आणि छत्रीसकट. आणि डाग? त्याच्याकडं कुणी लक्षच देत नव्हतं, तर तो आपला हळूहळू विरत होता.

दुपारी सुशीला भाकरी आणि खर्डा घेऊन आली होती. "खावा," म्हणाली.

"माझा उपवास आहे."

"झाला त्येवडा बास झाला."

आत्यानं खाल्लं. दोघींनी मिळून कापड उलटं केलं, दुसऱ्या बाजूला ऊन लागावं म्हणून. बोलल्या नाहीत. खर्डा तिखट होता, असं आत्या पुढं कित्येक दिवस सांगत होती.

हे आता आमच्या मंडळीत रूढच झालं आहे. ईस्टरच्या आदल्या दिवशी मेजाचं कापड खळ्याच्या दोरीवर जातं, डाग असो नसो. यंदा मी पोहोचलो तेव्हाही ते तिथंच होतं, वाऱ्यावर फुगलेलं, आणि शेजारी खुर्ची. आत्या आता थकली आहे, पण छत्री धरून बसते. शेजारी आणखी एक खुर्ची असते. त्यावर कुणीही येऊन बसतं, जरा वेळ, कापडाकडं तोंड करून. मी गेलो तेव्हा दावीदकाका बसले होते. काय सांगत होते विचारलं नाही, पण चटकन संपलं. त्यांच्या मानानं तर फारच चटकन.

आणि त्या वर्षीचा ईस्टर. पहाटेची उपासना रिवाजाप्रमाणं दफनभूमीत झाली, उजाडल्यावर सगळे देवळात आले. मेजावर कापड होतं. डाग गेला होता. म्हणजे बघणाऱ्याला दिसणार नाही इतका गेला होता, आणि आत्याला दिसेल इतका उरला होता. तासगावच्या द्राक्षांचा रस, पाळकीणबाईंनी भाजलेली भाकर. गीत सुरू झालं. दार रिकामं होतं. आत्यानं गीत मधेच सोडलं.

तिसऱ्या कडव्याला सुशीला आली. मागं तिची जाऊ. सुशीलाच्या अंगावर ती पांढरी साडी होती. तिनं आधी दारामागचा खराटा उचलून कोपऱ्यात त्याच्या जागी ठेवला, मग पुढं आली. आमच्याकडं सगळे मेजाभोवती उभे राहतात आणि आपापल्या हातानं तुकडा घेतात. सुशीला आत्याच्या शेजारी येऊन थांबली. हात तिनं पदराखाली घेतले होते. हंगामाचे हात, कोपरापर्यंत पिवळे. तबक पुढं आलं. तिनं दोन बोटं बाहेर काढली, चिमटीत तुकडा उचलला, आणि तोल गेला तरी कापडाला लागू नये म्हणून दुसरा हात छातीशी घट्ट धरून ठेवला.

"टेक हात," आत्या हळूच म्हणाली.

"डाग पडंल, बाई."

आत्यानं तिचा पिवळा हात धरला आणि आजीच्या लेसवर, पांढऱ्यावर, सपाट ठेवला.

"पडू दे," ती म्हणाली. "ऊन हाय की."